अकरा चाळीसची भूक

ता. १४ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर ठरलेलं तू नंतर साफ नाकारतोस, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून थीम पार्कच्या सहलीचा सगळा कारभार यापुढे लेखी. हे पत्र जपून ठेव.

काल सकाळी सहाला नोंदणी उघडली. तिथल्या बऱ्यापैकी उपाहारगृहांत बसायचं तर साठ दिवस आधी टेबल धरावं लागतं. म्हणजे चौदा मार्चला सकाळी आठला आपल्याला काय खावंसं वाटेल, हे तेरा जानेवारीला पक्कं ठाऊक हवं. तुझ्यासारख्यांचं तिथे कठीण आहे. मी मात्र बस आगारात बावीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं लावते, मला भूक कसली ऐकवतोस. तीन दिवस, नऊ जेवणं, चार किरकोळ खाणी आणि माणशी दोन राखीव केळी. तक्ता सोबत जोडला आहे.

पहिल्या दिवशी आठला अस्वलराजाबरोबर न्याहारी. अस्वल म्हणजे आत माणूसच असतो, पण तो प्रत्येक टेबलाला चार मिनिटं देतो आणि आपल्याकडे आठ दहाला येईल. अकरा चाळीसला भूक लागेल. बारा पाचला चाच्यांच्या जहाजावर जेवण. तिथले वाढपी गिऱ्हाइकांवर खेकसतात म्हणे, आणि लोक खास त्यासाठीच जातात. चार दहाला किल्ल्याच्या आकाराचं आइस्क्रीम. ते सहा मिनिटांत वितळतं, तेव्हा त्या वेळात कुणीही बोलायचं नाही. आमच्या ह्यांनी तक्ता पाहिला आणि त्यांना नेमकं त्याच तीन दिवसांत कचेरीत काम निघालं. असो.

आईला सगळीकडे मधली खुर्ची. आपण सगळे एका टेबलावर शेवटचे जेवलो ते ऑगस्टमध्ये, माझ्या नव्या घरी. त्यानंतर ती इकडे फिरकलेली नाही आणि तिच्या हातचं पत्रही नाही. येतात ती तुझ्या गचाळ अक्षरात, ‘आई सांगते की’ अशी. जिने जन्मभर शाळेत मुलांना सुलेखन शिकवलं तिने तुझ्याकडून पत्रं लिहवून घ्यावीत? माझ्यावर फुगली आहे का, ते हळूच काढून घे. तीन दिवस समोरासमोर बसून जेवलो की सगळं निवळेल. खरं सांगायचं तर हा एवढा खटाटोप त्यासाठीच आहे.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, चिमणीला पापा. लोभ आहेच, तो वेळेवर पोचता करावा.

तुझी ताई

ता. २३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तक्ता पोचला. भिंतीवर लावला होता, चिमणीने त्याच्या पाठीमागे मांजर काढलं म्हणून आता मांजराची बाजू वर ठेवली आहे. मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात रोज चारशे माणसांना, त्यांना न विचारता, ठरल्या मिनिटाला जेवू घालतो. पण त्याला सहल म्हणण्याचं धाडस आजवर केलेलं नाही.

आता आईचं. ती यायला तयार आहे. चिमणीबरोबर पाळण्यात बसेन म्हणते, पण उपाहारगृहात पाऊल टाकणार नाही. मी तक्ता वाचत गेलो आणि ती एकेक खोडत गेली. जहाजावर तिला उलटी होईल. ते जहाज सिमेंटचं आहे, असं सांगितलं तर म्हणाली की मग सिमेंटची होईल. सूप गरम असतं. थंड सूप गार असतं. आणि अस्वलासमोर बसून खायची तिला सवय नाही. ती डब्यात कोरडी बिस्किटं घेणार, आपण जेवू तेव्हा बाहेर बाकावर बसणार आणि पिशव्या राखणार.

हसण्यावारी नेऊ नकोस. घरीही ती आमच्याबरोबर बसत नाही. आमचं उरकलं की स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि एकटी जेवते. पाच महिने हे चाललं आहे. कारण मला माहीत आहे, पण तिने शपथ घातली आहे, आणि शपथ मोडायला मी काही फोनवर बोलत नाही, लेखी बोलतो आहे.

थोरल्यांना नमस्कार. माया जशी आहे तशीच राहू दे, तिचा तक्ता नको.

तुझा धाकटा

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नाही. जहाज रद्द करून बागेतली जागा घेतली. सूप सगळीकडून काढलं. थीम पार्कच्या कचेरीला दोन पत्रं लिहिली की आमच्या आईला भिंतीकडे तोंड करून बसण्याची सोय करावी. त्यांचं उत्तर आलं: आपला आनंद हीच आमची जबाबदारी, पण भिंतीकडची टेबलं नव्वद दिवस आधी संपतात. म्हणजे भिंतीकडे बघून जेवणारी माणसंही जगात इतकी आहेत.

आता सरळ विचारते. आई माझ्यावरच रुसली आहे ना? ती माझ्या घरून गेली तेव्हापासूनचे हे पाच महिने आहेत, एवढा हिशेब मला येतो. माझं काय चुकलं ते मला आठवत नाही. रोज आठवून बघते, काल तर आगारात दोन गाड्या एकाच फलाटाला लावल्या. शपथबिपथ बाजूला ठेव आणि कारण कळव. मोठी बहीण म्हणून हुकूम समज, आणि हुकमाने होत नसेल तर विनवणी समज.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

विनवणी म्हणालीस म्हणून लिहितो.

आईचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांना दाखवलं आहे, जिवाला धोका काही नाही. वयाने होतं, गोळीने थोडं कमी होतं, जात मात्र नाही. पेन धरलं की अक्षर वेडंवाकडं येतं, म्हणून तिची पत्रं माझ्या हातची. चमचा तोंडाशी नेईपर्यंत निम्मा सांडतो, म्हणून लोटलेलं दार.

हे तिने तुझ्या घरी येण्याआधीच ओळखलं होतं, पण कुणाच्या लक्षात येणार नाही असं तिला वाटत होतं. तुझ्या नव्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिच्या चमच्यातलं सूप सांडलं, दोनदा. तेव्हा तू हसत म्हणालीस की वहीवर शाईचा थेंब पडला तर आई एक गुण कापायची, आता हिचे किती कापायचे. सगळे हसले. मीही हसलो, ताई, तेव्हा एकटी तूच दोषी नाहीस. आईसुद्धा हसली होती. मग तिने चमचा खाली ठेवला आणि पोट भरलं म्हणाली. त्या दिवसापासून ती कुणासमोर जेवलेली नाही.

आणखी एक. आमचा मुख्य आचारी पाय मोडून घरी बसला आहे, मार्चमध्ये मला रजा नाही. आई, ही आणि चिमणी तुझ्या भरवशावर येतील. मी तुला दोष देत नाही, पण तिला एकदा तरी सगळ्यांत बसून जेवताना बघ आणि मला कळव.

तुझ्यावर होती तेवढीच माया असलेला,
धाकटा

ता. १२ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

धाकट्याने सगळं सांगितलं. त्याला रागावू नकोस, मी त्याला सळो की पळो करून सोडलं होतं.

मी काय बोलले ते मला आठवतसुद्धा नव्हतं, याचीच जास्त लाज वाटते. चारचौघांत हशा पिकवायचा म्हणून बोलले आणि विसरून गेले. तू पाच महिने विसरली नाहीस. आई, माझं चुकलं. मला तुझी माफी हवी आहे.

तक्ता रद्द केला आहे. एक अस्वलाची न्याहारी तेवढी ठेवली, कारण चिमणीला कबूल केलं आहे. तू आत येऊन नुसती बसलीस तरी चालेल. डबा आण. मी काही बोलणार नाही, आणि मी बोलणार नाही म्हणजे काय हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

बॉलपेनने लिहिलेलं तुला चालत नाही म्हणून शाईने लिहिते आहे. शेवटी एक डाग पडला आहे, तो तसाच पाठवते.

तुझी मोठी

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आईने माझ्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. चौदा तारखेला ती माझ्यासमोर आली ती बिस्किटांचा डबा पोटाशी धरून. आत येऊन बसली, तेच मला खूप वाटलं. दोन्ही हात टेबलाखाली. तुझी बायको खाली मान घालून पाव तोडत होती आणि मी कधी नव्हे ती गप्प, त्यामुळे टेबलावर सुतक पडल्यासारखं झालं.

आठ दहाला अस्वल आलं. वक्तशीर होतं, हे कबूल करते. त्याला बोलायची बंदी आहे. हात हलवून, डुलून झाल्यावर ते जायला वळलं, पण चिमणी म्हणाली की आमच्याकडे आलेला पाहुणा काही खाल्ल्याशिवाय जात नाही, आणि तिने त्याच्यापुढे दुधाचा कप सरकवला. उशीएवढे पंजे, बोटं नाहीत. त्याने कप धरू पाहिला, तर कप आडवा झाला. दूध थेट माझ्या पिशवीत, आणि पिशवीत तक्ता. हो, मी आणला होता. रद्द केलेला तक्तासुद्धा जवळ असलेला बरा वाटतो.

अस्वल बिचारं अवघडून उभं. शेजारच्या टेबलांवर लोक हसायला लागले. मलाही तोंडावर वाक्य आलं होतं, धाकट्या. चांगलं होतं. गिळलं.

तेवढ्यात आई त्याला म्हणाली की बाळ, लाजू नकोस, असं होतं, एका हाताने जमत नसेल तर दोन्ही हातांनी धरायचं. आणि तिने टेबलाखालचे हात वर काढले, स्वतःचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावला. हात थरथरत होता. थोडी कॉफी साडीवर सांडली. तिने ती पुसली नाही, आणखी एक घोट घेतला. अस्वलाने चिमणीचा रिकामा कप तसाच दोन पंजांत धरून दाखवला. चिमणीने धरला, तुझ्या बायकोने धरला. मग मीही धरला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे माझी कॉफी सर्वांत जास्त सांडली.

अस्वल आमच्याकडे अकरा मिनिटं थांबलं. पुढच्या टेबलांची घडी विस्कटली, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक साहेब धावत आला आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेला. आईने दोन उकडलेली अंडी खाल्ली, पाव खाल्ला, आणि डब्यातली बिस्किटं चिमणीने खाल्ली. आम्ही साडेनऊपर्यंत बसलो. त्यानंतर तिन्ही दिवस जिथे भूक लागली तिथे रांगेत उभं राहून जे मिळेल ते जेवलो. सगळं बेचव होतं. आई रोज मधल्या खुर्चीत होती.

तू सांगितलंस म्हणून कळवलं. घरच्यांना आशीर्वाद, आणि माया आहे तेवढी पुरे, मी आता मोजत नाही.

तुझी ताई

ता. २५ मार्च

चि. मोठीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. चार दिवस लागले. ओळी वर चढल्या आहेत आणि काही अक्षरं मलाच ओळखू येत नाहीत, तेव्हा अंदाजाने वाच. माझ्या वर्गात असं कुणी लिहिलं असतं तर मी त्याला पुन्हा लिहायला लावलं असतं. त्या मुलांपैकी कुणाचा हात खरंच थरथरत असेल का, असं आता मनात येतं.

तुझं माफीचं पत्र मी जपून ठेवलं आहे. मजकूर चांगला आहे, काना-मात्रेची चूक नाही. शेवटी डाग आहे, त्याचा एक गुण कापला. बाकी सगळे दिले.

त्या अस्वलाला कामावरून काढलं नसेल ना, त्याची चौकशी कर. तुला पत्रं लिहायची सवय आहे.

रविवारी सगळ्यांना घेऊन जेवायला ये. सूप करणार आहे. टेबलावर काही अंथरणार नाही, सांडलं तर पुसून घेऊ. किती वाजता येतेस ते कळवू नकोस. भूक लागली की ये.

तुझी आई