हायवेवरचा कट

सोम., ३ फेब्रु.
मंदाचं प्लास्टर अजून महिनाभर ठेवणार. धाकटी जाऊ माझी. भांडगावच्या पुढं हायवे ओलांडताना पिकअपनं उडवलं. कंपनीची बस पलीकडं थांबते, जायला दुसरी वाट नाही. डिव्हायडरला कट आहे, तिथून सगळ्या बायका जीव मुठीत घेऊन पळतात.
आज कुरकुंभहून शिफ्ट सुटल्यावर त्याच कटावर उभी राहून मोबाइलसमोर बोलले. काही ठरवलं नव्हतं. 'आम्हाला खालून रस्ता पाहिजे. भुयारी. तोवर गप बसणार न्हाई.' गावाच्या ग्रुपवर टाकलं.

मंगळ., ४
व्हिडिओ राहू गावात, पार दौंडपर्यंत पोचला. कँटीनमध्ये पोरी विचारतात, "रोहिणीताई, त्या तुम्हीच व्हय?"
'भुयारी मार्ग हवाच' ग्रुप काढला. संध्याकाळी भरला, दुसरा काढला. निम्मे नंबर अनोळखी. फोटोच्या जागी गुलाब, देव, गाड्या. ही माणसं कोण?

बुध., ५
पुण्याहून किरण म्हणून एकाचा फोन. तरुण आवाज. "ताई, पोस्टर मी करतो. सगळ्यांनी एकाच वेळी पोस्ट टाकायची, म्हणजे वर जाते." फुकट का करतोस म्हटलं, तर माझं आजोळ शिरूरचं म्हणे. आजोळ सांगितलं की भरवसा ठेवायचा?
पण पोस्टर छान केलं. खरंच सगळीकडं गेलं.
ठरवाठरवीला वेगळा छोटा ग्रुप. मी, शाळेच्या शैलाताई, संतोष (दीर, मंदाचा नवरा), किरण. बास.

शुक्र., ७
रविवारी दुपारी बायकांनी कटावर उभं राहायचं, असं फक्त आम्ही चौघांनी ठरवलं. मोठ्या ग्रुपवर अक्षर नाही.
आज हवालदार दारात. "रविवारी दुपारी बाया जमवताय म्हणं? गुन्हा दाखल झाला तर कंपनीला कळवावं लागंल, ताई." मी काँट्रॅक्टवर. तरी चहा विचारला.
हे म्हणाले, "त्यो पुण्याचाच आसंल."

शनि., ८
चौकात फ्लेक्स. एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, खाली आमचीच घोषणा, आमचंच चित्र. त्यांना कुणी दिलं?
किरणला विचारलं. "ताई, पोस्टर सगळीकडं फिरतंय. कुणीही उचलेल." त्याला ग्रुपमधून काढला. शैलाताई म्हणाल्या, "पुरावा आहे का तुझ्याकडे?" नव्हता.
त्याचा शेवटचा मेसेज, 'मूळ फाईल पाठवलीये. लागली तर वापरा.'
रविवारची वेळ बदलली. दुपारऐवजी सकाळी. आम्हा तिघांतच. बायकांना निघताना घरोघर जाऊन सांगायचं.

रवि., ९
आमच्याआधी पोलीस कटावर. बायकांना माघारी लावलं. शेवंता मावशी रडकुंडीला आली, "कशाला बोलावलंस गं बाई?"
म्हणजे किरण नव्हता. त्याला फोन लावावा असं दिवसभर वाटतंय. लावला नाही.
मग उरलं कोण? शैलाताई दर रविवारी चर्चला जातात, आज प्रार्थना सोडून आल्या होत्या. आणि संतोष तर...
नको.

मंगळ., ११
वाईट काम केलं आज. शैलाताईंना सांगितलं, गुरुवारी सकाळी दौंडला तहसीलवर. संतोषला सांगितलं, गुरुवारी सकाळी टोलनाक्यावर. दोन्ही खोटं. दोघांनाही, "कुणाला बोलू नका." दोघंही "बरं" म्हणाले.

गुरु., १३
सेकंड शिफ्ट. सकाळी जीपनं टोलनाक्यावर गेले. पोलिसांची गाडी उभी. दोन लेडीज पोलीस सावलीला बसलेल्या.
तेवढ्यात शैलाताईंचा फोन, तहसीलमधून. "अगं, इथं कुणीच नाही. पोलीससुद्धा नाहीत."
खरं ते सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "माझ्यावरही संशय घेतलास."

ह्यांना सांगितलं नाही. सख्खा भाऊ आहे.

शुक्र., १४
हायवेवाले येऊन कटाभोवती चुन्याची फक्की मारून गेले. कोण म्हणतं भुयाराचं माप घेतलं, कोण म्हणतं कटच बंद करणार. विचारलं तर साहेब गाडीची काच वर करून गेले.
संध्याकाळी मंदाकडं. संतोष तिला धरून मोरीपर्यंत नेत होता, हळूहळू, लेकरासारखं. किती जपतो! कुणी काय दाखवलं असेल त्याला? नोकरी? की धाक?
तिला बसवून, माझ्याकडं न बघता, "वहिनी, आता पुढचं कवा?"
'तूच कळवतोस ना पोलिसांना?' माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मंदाच म्हणाली, "कवाबी आसू द्या. मी कुबड्या घिऊन पुढं बसणार हाय."
"तू नगं," तो म्हणाला. आवाज चिरका.
"मोडलाय माझा पाय. मीच बसणार."
मग त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "सांगा की, वहिनी."
सोमवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, कटावर.
खरी वेळ सांगितली.