ढोल्याच्या पोटाची चौकशी

३ मार्च, सकाळी

आजपासून रोजची नोंद ठेवणार. लेकीला परगावी नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकिणीला कुत्रं चालत नाही, म्हणून ढोल्या आमच्याकडे आला आहे. लेक म्हणाली, महिनाभर बघू. इथे रुळला तर कायमचा इथेच, नाहीतर मावशीकडे, तिच्याकडे अंगण आहे. मी म्हटलं, कुठेही राहू दे, मला कुत्र्यांचं एवढं काही नाही. फक्त तो मेहुणीकडे गेला तर ती मला जन्मभर ऐकवेल. तेवढ्यासाठी तो रुळायला हवा.

फिरवण्याचं काम मी घेतलं. बायकोने विचारलं, झेपेल का. पंख्यांच्या कारखान्यात ज्याने सगळी हयात इन्स्पेक्शनमध्ये काढली त्याला हा प्रश्न.

३ मार्च, संध्याकाळी

पहिली फेरी उत्तम. ढोल्या शिस्तीत चालतो, ओढत नाही. कोपऱ्यावर एकाने स्कूटर थेट फुटपाथवर चढवली होती. त्याला शांतपणे समजावलं. ऐकेना. मग जरा जास्त शांतपणे समजावलं. चार माणसं जमली, त्यातली दोन माझ्या बाजूने होती असा माझा अंदाज आहे. नेमकं तेव्हा ढोल्याने खाली बसून जो कार्यक्रम केला तो पिशवीत भरण्यासारखा नव्हता. प्रवासाचा शीण असणार.

५ मार्च

प्रवासाचा शीण इतके दिवस टिकत नाही. गंमत अशी की घरात पोट ठणठणीत. खातो, लोळतो, दुपारी माझ्या पायावर हनुवटी टेकून घोरतो. बाहेर पडलं की पातळ.

कारखान्यातही असे पंखे यायचे. टेबलावर गुपचूप फिरायचे, गिऱ्हाइकाकडे गेले की खडखडायचे. गिऱ्हाईक आमच्या नावाने बोंब मारायचं आणि चौकशी केली की दोष त्याच्याच छतात निघायचा. तेव्हा घाबरायचं कारण नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल बघायचा. पहिला संशय खाण्यावर. उद्यापासून पाकिटातलं खाणं बंद, मऊ भात आणि उकडलेली कोंबडी सुरू.

७ मार्च

भात-कोंबडी फेल.

सकाळची फेरी बागेवरून नेली. माळी नळी झाडाच्या बुंध्याशी टाकून स्वतः बाकावर बसला होता, पाणी वाहत रस्त्यापर्यंत आलेलं. त्याला पाण्याचं महत्त्व सांगितलं. माझा आवाज मुळात भरदार आहे, त्याला मी काय करणार. कारखान्यात मशीनच्या वर आवाज लागायचा. माळी म्हणाला की साहेब, मी इथेच आहे, बहिरा नाही. उद्धट माणूस. मागे वळून बघतो तर ढोल्या गुलाबाच्या वाफ्यात बसलेला, पुन्हा तेच. ते बघून माळीही बोलायला लागला, पण त्याला बोलायची पद्धत नाही.

निष्कर्ष: कोंबडी मानवत नाही.

९ मार्च

डॉक्टरांकडे नेलं. प्राण्यांच्या डॉक्टर बाई आहेत, तरुण, पण प्रश्न नीट विचारतात. नमुना तपासला. जंत नाहीत, ताप नाही, वजन छान. कारणं अनेक असू शकतात म्हणाल्या. खाणं एकदम बदललं तर होतं. रस्त्यावरचं उष्टं तोंडात घातलं, डबक्यातलं पाणी प्यायलं, खाल्ल्या खाल्ल्या चालायला नेलं, ऊन लागलं, फार पळवलं, तरी होतं. शिवाय भीती किंवा ताण. त्यानेही कुत्र्यांचं पोट लगेच बिघडतं.

सगळं लिहून घेतलं. शेवटचं सोडून. ढोल्याला कसला ताण? त्याला ना हप्ता भरायचा ना साहेबाला तोंड द्यायचं. बाईंनी विचारलं, फिरताना काही विशेष घडतं का. मी सांगितलं, काहीच नाही, आम्ही दोघेही शांत स्वभावाचे. बरोबर आलेली बायको माझ्याकडे न बघता छताकडे बघायला लागली. छताला खरोखरच ओल आली होती. निघताना मी कंपाउंडरला त्याबद्दल चांगलं सुनावलं. ढोल्या तोवर बाकाखाली शिरला होता. दवाखान्याला घाबरतात बिचारी.

१२ मार्च

पाकिटातलं खाणं पुन्हा सुरू, हळूहळू. शिवाय तोंडाला जाळी, म्हणजे रस्त्यावरचं काही तोंडात जायला नको. एका बाई म्हणाल्या, किती गरीब आहे हो, जाळी कशाला. त्यांना म्हटलं की ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही त्यात पडू नये. त्यांच्या यजमानांनी विचारलं, कुणाला बोलताय. मग त्यांनाही सांगितलं. विषय वाढला. सगळे विषय आजकाल वाढतात, लोकांना ऐकून घ्यायची सवयच राहिलेली नाही.

जाळीने काही फरक नाही. निष्कर्ष: रस्त्यावरचं उष्टं निर्दोष.

१४ मार्च

खाणं आणि फेरी यात चांगलं अंतर ठेवलं. ऊन चढायच्या आत गेलो. पळवलं नाही. मीच पळू शकत नाही, तो भाग वेगळा. निकाल: पातळ. मध्ये फक्त एका टेम्पोवाल्याशी हॉर्नबद्दल बोलणं झालं.

जिन्यात शेजारचे कॅशियर भेटले. म्हणाले, तुम्ही कुत्रं फिरवायला लागल्यापासून आम्हाला गजर लावावा लागत नाही. वक्तशीरपणाची कदर करणारा एक तरी माणूस आहे इमारतीत. घरी येऊन हिला सांगितलं. तिने मान खाली घालून भाजी निवडायला घेतली. तिचे खांदे हलत होते, अलीकडे तिला खोकला येतो.

१६ मार्च

घसा पार बसला. शब्द फुटत नाही. हवाबदल. सकाळी ही ढोल्याला घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, एकदम छान झालं. मी कागदावर लिहून विचारलं, पुरावा? तिने पिशवी आणायला हवी होती का असं विचारलं. एक नमुना म्हणजे सिद्धता नव्हे, हेही लिहून दाखवलं. तिने तो कागद वाचला आणि त्यात मिरच्यांची देठं बांधून टाकली.

१७ मार्च

घसा तसाच. तरी संध्याकाळी मीच नेलं. आज नवी गोष्ट म्हणजे पाणी घरून बाटलीत. निकाल: घट्ट. अगदी प्रदर्शनात ठेवावं असं.

वाटेत एकाने गाडीतून केळीचं साल टाकलं. मी नुसते हातवारे करून त्याला सांगत होतो, त्याला वाटलं मी लिफ्ट मागतोय. तो थांबला. शेवटी ढोल्या आणि मी घरापर्यंत गाडीत बसून आलो. माणूस बरा निघाला.

१९ मार्च

सलग यश. डबक्याचं पाणी, दुसरं काय. लेकीला फोनवर सांगायला घसा नाही, म्हणून मेसेज केला: दोष सापडला, दुरुस्त झाला, पाण्याचा होता. तिने टाळ्या पाठवल्या. २९ तारखेच्या रविवारी येऊन बघते म्हणाली. ढोल्या ठीक असेल तर मावशीला नाही म्हणून कळवणार.

हे इथेच लिहितो, कारण इथे कुणी वाचत नाही. ढोल्या मला हवा आहे. निवृत्त झाल्यापासून घरात मी बोललो की ही रेडिओ लावते. लेक फोनवर म्हणते, बाबा, मीटिंग आहे. ढोल्या पूर्ण ऐकतो. दुपारी मी त्याला जुन्या मॅनेजरची एकेक गोष्ट सांगतो आणि तो डोळे मिटून, पण कान उघडे ठेवून पडलेला असतो. असा श्रोता मेहुणीच्या अंगणात कोंबड्या हाकायला पाठवायचा, हे मला सहन होणार नाही.

२२ मार्च

घसा उघडला. एकदम खणखणीत. गेले कित्येक दिवस तुंबलेलं बोलणं होतं, ते आज फेरीत बऱ्यापैकी मार्गी लागलं. केळीवाला भेटला नाही, पण त्याच्यासारखे दोन-तीन भेटले.

पोट पुन्हा गेलं.

बाटलीची तपासणी केली. प्लास्टिक निकृष्ट आहे, वास येतो. दुकानदाराकडे ढोल्याला घेऊन गेलो आणि त्याला प्लास्टिकची प्रत म्हणजे काय ते विस्ताराने सांगितलं. ढोल्याने दुकानात केलं. तेव्हा मी दुकानदाराला म्हटलं, बघा, हाच पुरावा. त्याने आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं.

२४ मार्च

स्टीलची बाटली. फेल.

ही आज म्हणाली की डॉक्टरांनी ताणाचं सांगितलं होतं, ते एकदा मनावर घ्या. मी म्हटलं, अगं, ताण येईल असं मी करतो तरी काय? ती म्हणाली, हे तुम्ही आत्ता केवढ्याने विचारलंत? मी म्हटलं, नेहमीच्या आवाजात. ती म्हणाली, तेच. ढोल्या टेबलाखाली होता. तिथे फरशी गार असते.

उगाच खुसपट काढायचं म्हणजे किती. तरी शास्त्र म्हणून परवापासून शांत फेरीचा प्रयोग करायला माझी हरकत नाही. उद्या नको, उद्या नगरपालिकेची माणसं झाडं छाटायला येणार आहेत. त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

२७ मार्च

शांत फेरीचा प्रयोग पुढे ढकलला. झाडं चुकीची छाटली.

२९ मार्च, रविवार, सकाळी

लेक आली. ढोल्या तिच्या अंगावर असा पडला की तिचा चष्मा उडाला. आता तिघं फेरीला निघतो आहोत. ही, मी आणि लेक. म्हणजे ढोल्या धरून चौघं. आज एक शब्द बोलणार नाही असं ठरवलं आहे. पूर्ण खात्री आहे. अशा परीक्षा मी कारखान्यात स्वतः घेतलेल्या आहेत.

२९ मार्च, दुपारी

अर्धी फेरी अप्रतिम. लेक तिच्या ऑफिसचं सांगत होती, ढोल्या शेपूट वर करून चालत होता. मी एक शब्द बोललो नाही. पुलाजवळ एका तरुणाने चहाचा कागदी कप नदीत टाकला. मी त्याला फक्त हाक मारली. त्याने विचारलं, काय काका? या काकावर मला थोडं बोलावं लागलं. तो बोलला. मी बोललो. बरंच म्हणता येईल इतकं.

वळून बघितलं तर लेक रस्त्यातच बसली होती, ढोल्याच्या शेजारी, त्याच्या पाठीवर हात ठेवून. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लेक म्हणाली, हा थरथरतोय. मी म्हटलं, शक्यच नाही, आजवर मी त्याला एकदाही थरथरताना पाहिलेलं नाही. तिने विचारलं, बाबा, तुम्ही ओरडत असता तेव्हा खाली बघता का कधी?

मी ओरडत नव्हतो हे तिला सांगणार होतो. पण खाली बघितलं. मागचे पाय हलत होते. पट्टा माझ्या हातात होता, ताठ ओढलेला, आणि तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जितका लांब जाता येईल तितका लांब होता.



२९ मार्च, संध्याकाळी

निकाल लागला. ढोल्या इथेच राहणार. मावशीला तसं कळवलं. लेकीची अट एकच: फेरीला आईने न्यायचं, पट्टा माझ्या हातात द्यायचा नाही. मी म्हटलं, ही कुठली पद्धत, न विचारता न ऐकता सरळ रिजेक्ट? हे जरा जोरात निघालं असावं, कारण ढोल्या उठून लेकीच्या खुर्चीमागे गेला. मग मी अट मान्य केली. तसंही गुडघे दुखतात. मी स्वतःच सोडणार होतो, फक्त योग्य वेळ बघत होतो.

२ एप्रिल

लेक गेली. सकाळ-संध्याकाळ ही ढोल्याला नेते. निकाल घट्ट, रोज. श्रेय स्टीलच्या बाटलीचं, पण हे कुणाला सांगायला गेलो नाही.

दुपारी मॅनेजरची गोष्ट सांगायला बसलो. ढोल्या बाहेरच्या खोलीत, हिच्या शिवणयंत्राजवळ झोपतो आता. तिथे वारा येतो.

५ एप्रिल, संध्याकाळी

दोघं फेरीवरून आली. मी दार उघडलं. जेवढं हळू बोलता येतं तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, या ढोल्याशेठ, ये इकडे. खाली वाकून हातसुद्धा पुढे केला. हिला ऐकूच गेलं नाही, इतकं हळू. ढोल्याने कान मागे पाडले आणि हिच्या पायांमागे जाऊन उभा राहिला.

दमला असेल. आज लांबवर जाऊन आली म्हणे.