धुरावरचं बी

ता. पेठ, जुलै २००४

आई, पाया पडते.

हे पत्र तुला पुंजादादालाच वाचून दाखवावं लागेल, म्हणून टाकणार नाही.

लग्नात तू पेंढ्याच्या मुड्यात बांधून दिलेलं हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचं बी, आजीपासूनचं, माझ्याकडे उरलेलं नाही. दोन वर्षं झाली.

नाशिकच्या संस्थेच्या बाईंनी घरात बिनधुराची चूल बसवली. धूर नळीतून कौलांबाहेर जातो. माझ्या तृप्तीचा खोकला थांबला, त्यामुळे चुलीला नावं ठेवता येत नाहीत. मुडा नेहमीसारखा चुलीवर टांगलेला होता. बी धुरामुळे टिकत होतं, हे ध्यानातच आलं नाही. मृगात सोडला तर आत भुसा आणि किडे. तेव्हापासून दुकानाचं पेरतो. पाऊस लवकर गेला की ते पोचट राहतं.

गेल्या आठवड्यात दादा आला. पावसाने ताण दिला, तुझी रोपं दोनदा करपली, बी संपलं, म्हणून तू माझ्याकडून मागवलंस. मी त्याला मुक्कामाला ठेवलं. सकाळी तो नदीवर गेल्यावर दुकानाचं बी मुड्यात बांधलं आणि परसात ओली लाकडं पेटवून धुरावर धरलं. तो येईपर्यंत.

काल तो बाजारात भेटला. म्हणाला, तू मुडा नाकाला लावलास आणि बोललीस, "माझंच बी हाय."

तुझी चूल अजून जुनीच आहे. पुढच्या सालासाठी त्यातलंच राखशील. धुरात, नीट.

तुझी,
छाया