माइक बंद झाल्यावर

५ जानेवारी, सोमवार

“तोंडावरला हात काढ पोरी, तुझं बोलणं दिसंना झालंय.” अण्णा हे म्हणाले तेव्हा मी नववीत होते. पुढचा दात तुटला होता, म्हणून तोंड झाकून बोलायचे. बोलणं कसं दिसेल, म्हणून मला हसू आलं होतं.

आज ते वाक्य आठवलं. संध्याकाळी सातला मी चुकून टीव्हीच्या समोर उभी राहिले आणि अण्णा ओरडले — “बाजूला हो! भाग्यश्री बोलतीय!” टीव्हीचा आवाज बंदच होता. आमच्याकडे बातम्या मुक्याच असतात.

अण्णांची सगळी नोकरी मार्केट यार्डात, एका अडत्याच्या गाळ्यावर गेली. कान हळूहळू जात होते. पण लिलावाच्या गोंगाटात तिथे कुणालाच धड ऐकू यायचं नाही. सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून भाव समजून घ्यायचे. अण्णा तिथेच ओठ वाचायला शिकले. माणूस बहिरा झालाय, हे शेठना फार उशिरा कळलं!

आता यार्ड नाही, मित्र एकेक करून गेले. उरली ही सातच्या बातम्यांतली भाग्यश्री. ती शब्द अर्धा गिळत नाही. मान उगाच हलवत नाही. वाक्य संपलं की ओठ मिटते, मग पुढचं. अण्णा म्हणतात, “हिचं एक अक्षर वाया जात न्हाई.” मी आयुष्यभर लिहिते आहे. माझ्याबद्दल असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

७ जानेवारी, बुधवार

समोरच्या फ्लॅटमधल्या शकूकाकू आल्या होत्या बातम्यांना. त्यांचा टीव्ही उत्तम चालतो. पण एकटीने बघून नावं कुणापाशी ठेवायची?

आल्या की आवाज सुरू करावा लागतो. आधी त्यांनी त्यांचं चॅनेल लावलं. सहा चौकटी, सहा माणसं, आणि मध्ये तो निवेदक हातवारे करत.

“हिंमतराव, कसा किंचाळतोय बघा हो! कांदा विकतोय जसा,” काकू अण्णांना म्हणाल्या.

अण्णांनी काकूंच्या तोंडाकडे बघितलं. “कांदा विकणारा भाव तरी सांगतो,” म्हणाले आणि रिमोट घेतला.

भाग्यश्रीच्या बातम्या निम्म्यावर आल्या असतील. अण्णा एकदम पुढे झुकले. “अक्षरं थांबली तिची.”

मला काहीच दिसलं नव्हतं. कॅमेऱ्यावरच्या काचेत मजकूर सरकत असतो, तो वाचताना तिचे डोळे किंचित हलतात — ते म्हणे हलायचे थांबले. तिने नजर खाली टेबलावरच्या कागदाकडे नेली, जणू तशीच न्यायची होती, आणि वाक्य पुरं केलं. कुठे सांधा दिसला नाही. माझं एक वाक्य अडलं तर मी अर्धा दिवस घरभर फिरते!

काकूंचं आपलं — “कानातलं नवीन आहे वाटतं.”

९ जानेवारी, शुक्रवार

“तिच्या लेकीचं आज गॅदरिंग होतं,” अण्णा जेवताना म्हणाले.

“कुणाच्या?”

“भाग्यश्रीच्या. जायला न्हाई मिळालं तिला.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिनंच की.”

बातम्या संपल्या की संगीत लागतं, खाली नावं सरकतात, तिचा माइक बंद होतो. ती कागद गोळा करता करता शेजारच्या कुणाशी तरी बोलते. सगळ्या महाराष्ट्राला ती तेव्हा मुकी दिसते. अण्णांना नाही!

मी म्हटलं, “अण्णा, हे चोरून ऐकणं झालं.”

“चोरून? माझ्याकडं तोंड करून बसलीय ती. तूच ओट्यापाशी पाठ करून बोलतेस.”

मी तव्याकडे वळले. पोळी करपली.

१२ जानेवारी, सोमवार

दिवसभरात एक परिच्छेद. तोही खोडला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. भाग्यश्री काळ्या साडीत. फार शोभत होती. शकूकाकूंनीसुद्धा कबूल केलं — “आज बरी दिसतेय.” म्हणजे फारच झालं.

पतंगाच्या मांज्याने पुलावर एक दुचाकीस्वार जखमी झाला, त्याची बातमी होती. वार्ताहर पुलावरून सांगत होता, की वाहतूक आता सुरळीत झाली आहे. आणि तिने विचारलं — “वाहतूक कधी सुरू होईल?”

तो गडबडला. “मी आत्ताच सांगितलं, की...”

“लक्ष हळदीकुंकवाकडे बाईसाहेबांचं!” काकू खूश.

पण ती डगमगली नाही. “नुकतेच जे प्रेक्षक आले आहेत, त्यांच्यासाठी पुन्हा सांगा,” म्हणाली. त्याची बाजू राखली, आपलीही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

अण्णा हसले नाहीत. संगीत लागलं तसे खुर्ची ओढून पडद्याशी गेले. नावं सरकून संपली, जाहिरात लागली, तरी तिथेच.

“काय म्हणाली?”

“काही न्हाई.”

तिळगूळ त्यांच्या हातात तसाच. वितळायला लागला तेव्हा मी काढून घेतला.

१९ जानेवारी, सोमवार

सातला दुसराच चेहरा! तरणा मुलगा आहे, ऋषी नावाचा. वाईट नाही, स्वच्छ बोलतो. भाग्यश्री रजेवर आहे एवढंच सांगितलं त्याने.

“रजेवर कसली? काढली असेल,” काकू म्हणाल्या. “एक सुरकुती दिसली की बाईला घरी पाठवतात. बाप्यांची टक्कलं चालतात!”

अण्णांनी टीव्ही बंद केला. काकू अजून बसलेल्या असताना. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

चार दिवस टीव्ही बंद. अण्णा गॅलरीत बसतात, हायवेकडे बघत. मला फार भीती वाटते. त्यांच्यासाठी जगाकडे जाणारं एकच दार होतं, ते गेलं.

फोनमध्ये बोलणं लिहून दाखवणारी सोय असते, ती लावून दिली. “हे वाचणं झालं,” म्हणाले. “माणूस कुठाय?” मग म्हटलं, ऋषीचे ओठ वाचून बघा, सवय होईल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. आणि परत हायवे.

आता मी गॅस बारीक करून, वळून, त्यांच्याकडे तोंड करून बोलते. किती सोपं होतं हे!

२५ जानेवारी, रविवार

आज सकाळी अण्णांनी आपणहून सांगितलं. संक्रांतीला माइक बंद झाल्यावर भाग्यश्री म्हणाली होती — “डावा कान कधीच गेला, आता उजव्यानेही येईना. वर सांगू नकोस.” ते ‘सांगू नकोस’ अण्णांनीही पाळलं. मी समजत होते, ते स्वतःसाठी झुरतायत.

“तिला लिही,” म्हणाले. “ओठ वाचायला मी शिकवतो. लवकर धरलं तर खुर्ची सोडावी लागणार न्हाई. मुंबईहून पुणं काय लांब हाय?”

मी खूप समजावलं. तिने जिवापाड झाकलेलं आपल्याला कसं कळलं, या विचारानेच ती हादरेल. मी तिच्या जागी असते तर उत्तरसुद्धा दिलं नसतं. ती नाहीच म्हणेल. तरी लिहिलं, आणि पाठवलं —

“आम्ही कुणालाही सांगणार नाही. माझे वडील ऐकत नाहीत, बघतात, आणि तुमचं एकही अक्षर त्यांचं कधी चुकलं नाही. ते तुम्हाला शिकवू इच्छितात. एखाद्या रविवारी वारज्याला आमच्या घरी याल का?”