मेंढी ओरडणारच

गुरुवार, संध्याकाळ

आज वर्गात स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांचा विचार शिकवला. निसर्गाला धरून जगावं, जे आपल्या हातात नाही त्यासाठी जीव जाळू नये. एकाही शब्दाला अडखळले नाही. मुलींनी भराभर लिहून घेतलं. आणि घरी येऊन जुईच्या रिकाम्या कॉटवर अर्धा तास नुसती बसून राहिले. लेक जर्मनीला शिकायला गेली, त्याला महिना झाला. मुलं मोठी झाली की जातातच. मग हे काय होतंय मला?

सांगोल्याला धाकट्या भावाला फोन लावला. मागे मेंढ्यांचा एकच कालवा.

"बिरू, काय झालं रे?"

"कोकरं मोठी झाली की, अक्का. आजपास्नं आयांपासनं येगळी ठेवली. दोन-तीन दिस वरडत्यात, मग लागत्यात चरायला."

"तोवर तू काय करतोस?"

"काय करायचं? वरडू द्यायचं. मेंढी हाय, ती वरडणारच की."

तो आवाज अजून कानात आहे. ओरडणं हाही निसर्गच, हे मी वर्गात सांगितलंच नाही. मला वाटायचं, निसर्गाला धरून जगायचं म्हणजे गप्प राहायचं. महिनाभर जुईला रोज तेच सांगतेय, मी मजेत आहे, तू अभ्यास कर.

आज सांगून टाकलं. "जुई, तुझ्यावाचून करमत नाही गं. लई आठवण येते."

ती रडतच म्हणाली, "आई, मला वाटलं, फक्त मलाच येते."