सहा नगांची चिठ्ठी

प्रिय वन्सं,

हे पत्र ड्रायव्हरकाकांच्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात सापडलं ना? सापडणारच. कपडे पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासणं हे आपल्या लाँड्रीत पहिल्यापासून तुझं काम, आणि तुझ्या हातून आजवर एक बटणसुद्धा सुटलेलं नाही. म्हणून टपालावर ठेवला नाही तो भरवसा शर्टावर ठेवला. दुकानात उभी राहून वाचू नकोस. मागे हौदापाशी जा, नळ सोड आणि मग वाच. तुझा दादा मोटारसायकलवरून पडला असं तुला सांगितलंय म्हणे. तो पडलेला नाही.

मी सुखरूप पोचले असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही. दोन दात गेले, डाव्या कानाने ऐकू येत नाही. पण पोचले. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करते. इथल्या भाषेचं अक्षर कळत नाही. मुकादमीण ओरडते तेव्हा कौतुक करते की शिव्या घालते कोण जाणे, मी दोन्हीला मान डोलावते.

लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, पुढचे दात पडलेले. सासूबाईंनी बजावलं, हिला वन्सं म्हणायचं, आणि तू त्या फटीतून जीभ काढून फिदीफिदी हसलीस. त्याच वर्षी तुझ्या दादाने पहिल्यांदा माझं डोकं हौदाच्या काठावर आपटलं. माझा झगा तू धुतलास, तोही थंड पाण्यात, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो हे तुला तेव्हाच ठाऊक होतं. बारा वर्षं आपण दोघी थंड पाण्यात धुणी धूत आलो. यंदा एक कॉलर चुरगळली म्हणून त्याने छोटी इस्त्री माझ्या दंडावर टेकवली. तू धावून गेलीस, तर तुझं मनगट पिरगाळून मोडलं. प्लास्टर ओलं असतानाच तू काकांशी माझ्या तिकिटाचं बोललीस. दोघी एकदम गेलो तर लगेच कळेल, आधी तू जा, असं म्हणालीस आणि मी ऐकलं. तेवढं ऐकायला नको होतं.

काकांची बस भर दुपारी सरहद्दीच्या नाक्यावर पोचली. तिथे दोन फाटकं आहेत आणि मधे दोनशे पावलांचा डांबरी रस्ता. आपल्याकडचा शिक्का घेऊन पहिलं फाटक ओलांडायचं, सामान रस्त्यावर मांडायचं आणि पलीकडच्यांनी बोलवेपर्यंत ताटकळायचं. आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा मागून मोटारसायकल आली. बायको औषध विसरली असं सांगून तो आत शिरला होता. त्याने मला केसांना धरून आडवं पाडलं आणि बुटांनी तुडवलं. बरगड्या, तोंड, कान. बाकीचे प्रवासी आपापल्या बॅगांकडे बघत राहिले. काका मधे पडले तर त्यांचा चष्मा फुटला. त्यांनी दोन्हीकडच्या शिपायांना हाका मारल्या. अलीकडचा म्हणाला, ती आता आमच्या हद्दीत नाही. पलीकडचा हातानेच सांगत होता, अजून आमच्याकडे आलेली नाही. मी मार खात होते आणि दोन देशांचं आधी तुम्ही, आधी तुम्ही चाललं होतं.

तोवर मी हात उचलला नव्हता. डोकं झाकायचं आणि संपायची वाट बघायची, एवढंच मला येत होतं. मग त्याने माझी बॅग उलटी केली. तू बांधून दिलेला गठ्ठा बाहेर पडला आणि त्यावर टाचणीने लावलेली चिठ्ठी. सहा नग, इस्त्री, मंगळवार. अगं वेडे! गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्याला लावतेस तशी हाताच्या सवयीने तू मलाही चिठ्ठी लावलीस. आणि मी इतक्या चिठ्ठ्या पाहिलेली, मला ती दिसलीसुद्धा नाही. त्याने तुझं अक्षर ओळखलं. चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि एकदम शांत झाला. तो शांत झाला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणाला, तू जा खुशाल. ती आहे ना घरी. या वेळी मनगटावर थांबत नाही.

गठ्ठ्यात ती छोटी इस्त्री होती, पोटापाण्याला म्हणून तूच घातलेली. मी ती दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर मारली. तीनदा मारली. तिसऱ्यांदा जबडा मोडल्याचा आवाज आला. मला वाईट वाटलं नाही, वन्सं. तो तुझा सख्खा भाऊ आहे, तुझी माफी मागायला हवी, पण मनातून येत नाही. मग अलीकडचा शिपाई ओरडला, ही तुमची. पलीकडच्याने हातानेच दाखवलं, तो तुमचा. त्यांचं ठरेपर्यंत काकांनी मला आणि सामानाला बसमध्ये ढकललं. पलीकडच्या खिडकीतल्या बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता शिक्का मारला आणि एक कागदी रुमाल पुढे केला. आपल्याकडच्यांनीही उगाच झंझट नको म्हणून गाडीवरून पडला असं लिहून टाकलं.

काका सांगतात, तू रोज इस्पितळात जाऊन त्याला नळीने सूप पाजतेस. जबडा तारेने बांधलाय, तो बोलत नाही, नुसता तुझ्याकडे बघत असेल. हात धड असूनही त्याने लिहून कुणाला काही सांगितलेलं नाही, म्हणजे त्याला पोलीस नकोत, तू हवी आहेस. रविवारी त्याला घरी सोडणार आहेत. मी खुशाली कळवायला लिहीत नाहीये. शर्टाचा उजवा खिसा बघ, त्याआधीच्या गुरुवारच्या बसचं तिकीट आहे. पासपोर्ट आपण बरोबरच काढले होते, तुझा साबणाच्या पिंपामागे आहे. काका शर्ट न्यायला येतील तेव्हा त्यांच्याबरोबर नीघ. लोकांचे कपडे ओले राहिले तर राहू देत. आणि तुला माझी शपथ, स्वतःचा गठ्ठा बांधशील तेव्हा त्याला चिठ्ठी लावू नकोस.

तुझीच,
वहिनी (त्याची कुणी नसले तरी)