मोरपंखी स्वेटर उसवण्याआधी

प्रिय आज्जी,

डायनिंग टेबलावर तुझा मोरपंखी स्वेटर पसरलाय, शेजारी कात्री ठेवलीय, आणि माझा हात काही पुढे होत नाहीये. म्हणून तुला लिहायला बसले. फोन लावता आला असता तर तोच लावला असता. अर्थात तू उचलला नसतास. विणायला बसलीस की तुला फोन कधी ऐकू यायचा?

कसर लागलीय गं त्याला. आज सकाळी तुझी ट्रंक उघडली तेव्हा दिसलं. क्रोशाचे रुमाल ठीक आहेत, मण्यांचं तोरण ठीक आहे, सुया तर नव्यासारख्या आहेत. नेमका स्वेटरच खाल्लाय. पोटापाशी भोकं, एका बाहीची कड गेलेली. डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या मी, शपथ! पण इथे बेंगळूरात बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून अशी दमट हवा येते की कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते.

बेळगावात इतकी वर्षं तुझ्या ट्रंकेला काही झालं नाही. बाबा गेल्यावर आईने लहान घर घेतलं तेव्हा मीच हट्टाने ती इकडे आणली, मी जपेन म्हणून. हे असं जपलं. तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं, असं सकाळपासून शंभरदा मनात येतंय.

अमोघ म्हणाला, "फ्रेम करून घेऊ. भोकं आत दुमडायची, कुणाला दिसणार नाहीत." तुझा नातजावई आहे, बोलून चालून इंजिनिअर, त्याला सगळं भिंतीवर टांगायचं असतं. मग मी तो खालच्या टेलरकडे नेला. त्याने भोकातून बोट घालून पाहिलं आणि मान हलवली. "आगल्ल अक्का, होणार नाही. स्वल्प असतं तर रफू केलं असतं. नवीन घ्या." नवीन घ्या म्हणे! मी स्वेटर उचलून परत आले.

मला उपाय ठाऊक नाही असं नाही. उपाय तुझाच आहे. उसवायचा.

ही लोकर आधी आजोबांचा हाफ स्वेटर होती. मग थोडी नवी मिसळून बाबांचा कॉलेजचा पुलओव्हर झाली. मग माझा शाळेचा स्वेटर. आणि मला इथे नोकरी लागली तेव्हा तू तीच उसवून, पुन्हा भर घालून, हा विणलास. दुपारी तुझ्या खोलीत मी दोन्ही हात पुढे करून बसायची, तू माझ्या हातांवर लडी गुंडाळायचीस. "हलू नको गं, खांब हो." हात भरून यायचे, नाक खाजायचं, पण खांबाला नाक कुठलं? मग लडी धुऊन तारेवर टाकायचीस आणि खाली पाण्याचा तांब्या लटकवायचीस, लोकरीच्या वळ्या सरळ व्हाव्यात म्हणून.

आणि विणून झालं की ती लाल गाठ. गळ्याच्या पट्टीत, आतल्या बाजूने, लोकरीच्या शेवटच्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ. हे काय, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "दार आहे. उसवणारीने इथून आत यायचं. भलतीकडून कापलं तर नुसता गुंता होईल."

आज मी स्वेटर उलटा केला, गळ्याची पट्टी बोटांनी चाचपली, खिडकीशी नेऊन पाहिली. गाठ नाही आज्जी. कुठेच नाही.

तुला सांगते, मी घाबरले. तू मुद्दाम बांधली नाहीस का? हा शेवटचा, आता कुणी उसवू नका, असं तुला म्हणायचं होतं का? कारण ही लोकर नेहमी मोठ्याकडून धाकट्याकडे जात आली, आणि माझ्या खाली कुणी नाही. डॉक्टरांकडचे हेलपाटे आम्ही बंद केले, ते तू गेल्यावर. त्याचं दुःख आता रोज होत नाही. पण ती गाठ दिसली नाही आणि वाटलं, तुला आधीच कळलं होतं की काय! असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं की माझं काही खरं नसतं, तुला माहीत आहे.

शेवटी आईला फोन लावला. विचारलं, "मोरपंखी स्वेटरच्या गळ्यात लाल दोरा होता का गं?"

"होता की. मीच कापला. तू बेंगळूरला निघालीस तेव्हा इस्त्री करताना दिसला. लोंबत होता, वाईट दिसायचं ते."

"अगं आई! ती आज्जीची खूण होती, उसवण्यासाठी. तिच्या प्रत्येक स्वेटरला असायची."

मग ती म्हणाली, "मला कसं माहीत असणार? दुपारी मी शाळेत शिकवत असायचे. आणि सासूबाईंच्या हातचा स्वेटर माझ्याकडे कधी नव्हताच की."

रागाने म्हणाली नाही. घरातली साखर संपलीय म्हणावं, तसं म्हणाली. वर मलाच विचारलं, तू जेवलीस का?

आज्जी, हे कसं झालं गं? आजोबांना विणलास, बाबांना, मला, आत्याच्या मुलांना. समोरच्या घरातल्या कुत्र्यालासुद्धा पिवळा स्वेटर होता! आणि आई बेळगावच्या त्या थंडीत सकाळी शाळेला निघायची ती बाजारातली करडी शाल गुंडाळून. तू दारात उभी राहून तिच्या हातात डबा द्यायचीस. तुमचं भांडण मी कधी ऐकलं नाही. मग राहून कसं गेलं? ती मागणार नाही, हे तुला कळायला हवं होतं. तुझ्यावर रागवायला मला आवडत नाही, पण आज मी रागावलेय.

आणि त्याच वेळी हेही कळलं की लोकर धाकट्याकडेच गेली पाहिजे असा काही नियम नाही. ती वरही जाऊ शकते.

इथपर्यंत लिहून मी उठले होते.

कापलं, आज्जी. गळ्याची पट्टी तू सगळ्यात शेवटी विणायचीस आणि उसवायला बसलीस की स्वेटरचा डावा खांदा गुडघ्यावर घ्यायचीस, एवढंच आठवत होतं. तिथला एक टाका कापला. एक टोक ओढलं, तर ते आवळत गेलं. वाटलं, झालं, घालवला. मग दुसरं टोक हळूच ओढलं. आधी अडलं, आणि मग सरसर सुटायला लागलं. मी तशीच रडत ओढत राहिले.

भोकांपाशी लोकर तुटतेय. गाठी मारतेय. लडी धरायला अमोघ बसलाय. त्याचा ऑफिसचा कॉल चालू आहे, कॅमेरा बंद करून दोन्ही हात पुढे धरलेत, आणि कानातल्या माणसांना अधूनमधून "येस, येस" म्हणतोय. मी त्याला हलू नको म्हणून दटावते. बाल्कनीच्या तारेखाली तांब्या आत्ताच नेऊन ठेवलाय.

आता भीती पुढची आहे. मला फक्त सुलट आणि उलट टाके येतात. गळा येत नाही, बाही येत नाही. "शिकशील गं, घाई काय आहे," म्हणायचीस. घाई होती आज्जी, आपल्या दोघींना ती कळली नाही. लोकर पुरेल का? हा रंग कुठे मिळेल का? थंडीच्या आत होईल का? आईचं माप विचारलं तर तिला कळेल, आणि कळलं तर ती नको म्हणेल. तिची जुनी ब्लाउज माझ्याकडे आहेत, त्यांवरून अंदाज घेईन.

तुला शब्द देते. आईचा स्वेटर वेडावाकडा झाला तरी मी पुरा करीन. एक बाही लांब झाली तर आई ती दुमडून घालेल, तिला मी ओळखते. आणि गळ्याच्या आत, शेवटच्या टोकाला, लाल दोऱ्याची गाठ बांधीन. ती कशाची, ते आईला नीट समजावून सांगीन. तू सांगायला हवं होतंस, तसं.

तुझी,
वैजू